सातीसाठी राखलेला जर्दाळू

मी जर्दाळू बोलतोय. तुमच्या सुक्या मेव्याच्या डब्यातला केशरी, गुबगुबीत, तुकतुकीत जर्दाळू तो मी नव्हे. मी काळपट आहे, सुरकुतलेला आहे. सुरकुत्यांतून आता साखर पांढरी होऊन बाहेर आलीय. नवखा माणूस मला उचलेल, उलटसुलट करून बघेल आणि चिंच समजून परत ठेवून देईल.

आमच्या तुर्कस्तानातल्या मालात्याकडे जर्दाळू दोन तऱ्हेचे. एक धुरीचे, दुसरे उन्हाचे. धुरीच्यांना आधी बंद खोलीत गंधकाचा धूर देतात आणि मग वाळत घालतात. त्यांचा रंग जात नाही, त्यांना सहसा कीड लागत नाही, बाजारात मानही त्यांनाच. उन्हाच्यांना काहीच देत नाहीत. नुसतं घराच्या सपाट धाब्यावर पसरतात आणि देवावर हवाला ठेवतात. मी त्यांच्यातला. चवीला मी मधासारखा होतो म्हणतात. मला माझी चव कशी कळणार? जिने मला खायला हवं होतं ती आता नाही.

गोष्ट तिचीच आहे. मी फक्त तिथे होतो.

माझं झाड नाझिफेच्या घरामागे होतं. नाझिफे साठीची, उंच, ताठ, बोलायला फटकळ. नवरा हिदिर गेल्यापासून बाग ती एकटीच बघायची. भिंतीपलीकडे तिच्या दिराचं, बेक्ताशचं घर. बेक्ताशची बायको साती ही नाझिफेची धाकटी जाऊ. बुटकी, गोल, सतत काहीतरी चघळत असणारी. दोघी एकाच घरात सुना म्हणून आल्या होत्या. पुढे भावांच्या वाटण्या झाल्या, मधे मातीची भिंत उभी राहिली. जावांनी काय केलं, तर त्या भिंतीतल्या दोन विटा उचकटून पाय ठेवायला जागा केली आणि जाणं-येणं चालूच ठेवलं. बेक्ताश म्हणायचा, "भिंत बांधायचा खर्च तरी वाचवायचा होता मग!"

मी फूल होतो तेव्हाची आठवण थंडीची आहे. आमच्याकडे जर्दाळूचा मोहोर घाईचा. बर्फ पुरतं गेलेलं नसतं आणि आम्ही फुलून मोकळे होतो. मग एखादी पहाट अशी येते की दहिवर पडतं आणि सगळी फुलं काळी पडतात. त्या पहाटे दोघी जावा झाडांखाली ओला पेंढा पेटवत फिरत होत्या. धुराची ऊब फांद्यांपर्यंत जावी म्हणून.

"ताई, नुसता धूरच करताय. थोडा जाळ पण करा, माझी बोटं गेली," साती म्हणाली.

"ऊब पाहिजे तर जाऊन नवऱ्याला उठव. इथे झाडं वाचवायची आहेत."

"त्यांना उठवण्यापेक्षा झाड उपटणं सोपं."

नाझिफे हसली आणि हसता हसता तिला ठसका लागला. सातीने आपली शाल काढून तिच्या डोक्यावरून टाकली. मी वरून बघत होतो. माझ्यासारखी बरीच फुलं त्या पहाटे वाचली.

जुलैत आम्ही पिकलो. फांद्या हलवल्या की खाली पसरलेल्या कापडावर टपटप पडायचो. बेक्ताशच्या घरी सगळा माल धुरीच्या खोलीत जायचा. त्यांचा मुलगा तुर्गाय हे काम बघायचा. व्यापारी केशरीच मागतात, काळा माल कोण घेतो, असं तो म्हणायचा, आणि ते खरंच होतं. नाझिफेने मात्र धुरी कधी दिली नाही. हिदिरला तो वास सहन व्हायचा नाही. तो गेल्यावरही तिने ते तसंच चालू ठेवलं.

धाब्यावर थोडे सुकलो की आमची बी काढायची. बायका घोळक्याने बसून करतात हे काम. आपल्या घरचं उरकून साती नाझिफेच्या धाब्यावर यायची. मधे आमचा ढीग, दोन बाजूंना दोघी. सातीचा अंगठा असा चालायचा की बी कधी निसटली ते आम्हालाही कळायचं नाही. मग दोन बोटांनी चपटं करून चटईवर. मधूनच एक तोंडात.

"काढतेस किती आणि खातेस किती गं?"

"मजुरी घेतेय. धुरीचे आमच्याकडे पोत्यांनी पडलेत ताई, पण होशाफ खावा तर तुमच्या काळ्यांचाच."

होशाफ म्हणजे आम्हाला भिजवून, दोन लवंगा टाकून उकळून, गार करून केलेलं गोड पाणी. दलियाच्या गरम पुलावाबरोबर घेतात. नाझिफे त्यात साखर घालत नसे. आम्ही पुरे असायचो.

माझी बी सातीनेच काढली. तिच्या अंगठ्याचा दाब अजून माझ्या पोटात आहे.

त्या वर्षी नाझिफेच्या दारात एक अंकाराची बाई आली होती. तिचं तिथे दुकान होतं. रंग न दिलेलं, औषध न मारलेलं, असं खाणं विकायचं. दोघी जावा बसल्या होत्या त्या धाब्यावर चढून तिने आम्हाला चाखलं, डोळे मिटले आणि म्हणाली, "हे सगळे मला पाहिजेत. पण धुरीचा वाससुद्धा लागता कामा नये हं." नाझिफे त्या दिवशी जरा जास्तच ताठ चालत होती. इतकी वर्षं सगळा गाव तिला म्हणत आला होता, नाझिफे, काळा माल करू नकोस. आता शहरातून माणूस शोधत आलं होतं.

आम्ही जवळजवळ वाळून झालो होतो. खोकी आणायला म्हणून नाझिफे सकाळच्या बसने शहरात गेली. आभाळ लख्ख होतं. लक्ष ठेव असं कुणाला सांगायचंही तिच्या मनात आलं नाही.

दुपारनंतर बेयदाग डोंगराच्या मागून ढग उठले. जुलैत पाऊस आमच्याकडे क्वचित येतो, पण येतो तेव्हा वर्षाची मेहनत नेतो. भिजलेला उन्हाचा जर्दाळू काळा ठिक्कर पडतो, मग त्याला बुरशी धरते. वाऱ्याने चटईच्या कडा उलटायला लागल्या. पहिले थेंब पडले. मी धुराड्याच्या आडोशाला होतो, माझ्यावर नाही पडले. बाकीच्यांना धास्ती बसली.

तेवढ्यात शिडी करकरली. वर आली साती. अनवाणी, डोक्यावर रुमाल नाही, केस सुटलेले. मागे ओढत आणलेली भलीमोठी ताडपत्री. एवढीशी बाई आणि एवढी ताडपत्री! ती आम्हाला शिव्या घालत होती, नाझिफेला शिव्या घालत होती, आभाळाला घालत होती.

"ही बया गेली शहरात मिरवायला, आणि इथे माझी हाडं मोडायची वेळ! थांब रे बाबा, थांब जरा, एक कोपरा राहिलाय!"

खालून तिची सून बिर्गुल ओरडली. तिला सातवा महिना होता, तिला वर येता येत नव्हतं.

"सासूबाई, अहो ही तर आपल्या मालावरची ताडपत्री! आपला भिजतोय!"

"भिजू दे! आपल्यांना धुरी दिलीय, ते पुन्हा वाळतील. तिचे नाही वाळायचे!"

ताडपत्री आमच्यावर पडली. कडांवर तिने विटा ठेवल्या. वरून पाऊस ताशा वाजवल्यासारखा कोसळत होता. आम्ही खाली कोरडे होतो. पण त्या ताडपत्रीला गंधकाचा वास होता. कित्येक दिवस धुरीच्या मालावर पडून होती ती. अंधारात, उबाऱ्यात तो वास हळूहळू आमच्यात उतरायला लागला. मधल्या ढिगातल्यांमध्ये जास्त, माझ्यासारख्या कडेच्यांमध्ये कमी.

उतरताना साती शिडीच्या शेवटच्या पायरीवरून घसरली. धप्प आवाज ऐकला मी. मग तिचा आवाज, "काही नाही गं, गुडघा आहे. दुसरा आहे अजून."

नाझिफे दिवेलागणीला परत आली. खोकी अंगणात टाकून तशीच वर धावली. ताडपत्री बघून तिने छातीवर हात ठेवला, तोंडात देवाचं नाव होतं. मग तिने ताडपत्री उचलली, मूठभर जर्दाळू नाकाशी धरले आणि तिचा चेहरा बदलला.

मी बघत होतो. मला त्या क्षणी तोंड असतं तर!

"साती!" तिने भिंतीवरून हाक मारली. "साती, बाहेर ये!"

साती लंगडत बाहेर आली. आजूबाजूच्या बायकाही आपापल्या दारात आल्या.

"ही ताडपत्री तू घातलीस?"

"मी नाही तर कोण? आभाळ..."

"कोरडी, धुतलेली ताडपत्री तुमच्या घरात एक नव्हती? गंधकाचीच मिळाली? ती बाई काय म्हणाली होती ते तू इथेच बसून ऐकलंस ना? तुझ्या कानांनी ऐकलंस ना?"

"ताई, जरा ऐकून घ्या..."

"काय ऐकू? आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझ्या मालाला विचारत आलं, ते तुला बघवलं नाही! मुद्दाम केलंस तू!"

सातीचं तोंड उघडंच राहिलं. तिचा हात गुडघ्यावर होता. तो तिने काढला, सरळ उभी राहिली आणि म्हणाली, "हो. नाही बघवलं. झालं समाधान? जा आता."

आणि आत निघून गेली. मागे बिर्गुल काहीतरी बोलायला पुढे झाली, तर आतून आवाज आला, "बिर्गुल! माझी शपथ आहे तुला. आत ये."

अंकाराची बाई आली, तिने वास घेतला आणि हळहळत म्हणाली, "अहो, ह्याला धुरी दिलीय." नाझिफेने काही खुलासा केला नाही. बहुतेक माल तिने बाजारात पडेल त्या भावाने देऊन टाकला. आम्हा कडेच्यांना तेवढं वेचून, हुंगून, घरच्यासाठी म्हणून कापडी पिशवीत भरलं आणि फडताळात टांगलं. भिंतीतल्या त्या पाय ठेवायच्या दोन जागा तिने स्वतः चिखल कालवून बुजवल्या.

पिशवीत मला माणसांचं एक नवल वाटायचं. नाझिफे रोज संध्याकाळी पुलाव करायची, दोन माणसांचा. मग त्यातला अर्धा कोंबड्यांना घालायची. एकदा पातेलं खरवडता खरवडता ती स्वतःशीच म्हणाली, "तिला बिनमिठाचा लागतो." आणि मग कुणी ऐकलं तर नाही ना, म्हणून आजूबाजूला बघितलं.

हिवाळा आला. बर्फ खिडकीपर्यंत चढलं. एके सकाळी बिर्गुल आली, कडेवर तान्ही मुलगी. पायांवरचं बर्फ झटकून दारातच उभी राहिली.

"मोठ्या आई, सासूबाईंना बरं नाही. पोटात काही ठरत नाही. पातळ सूपसुद्धा नको म्हणतात."

"डॉक्टरला दाखवलं?"

"दाखवलं. औषधं चालू आहेत." बिर्गुलने मुलीला या कडेवरून त्या कडेवर घेतलं. "त्यांना होशाफ आठवतो. काळ्या जर्दाळूंचा. तुमच्या हातचा."

नाझिफेच्या हातातला चमचा थांबला. "तिनं पाठवलं तुला?"

बिर्गुल खोटं बोलली असती तर किती बरं झालं असतं! पण ती सरळ पोर.

"नाही. मीच आले. त्या स्वतःच्या तोंडाने काही मागत नाहीत."

"मग तिला म्हणावं, तोंड आहे ना? मला एक हाक मारायला काही झिजणार नाही ते. मी काही भिंतीपलीकडे अमेरिकेत राहत नाही."

बिर्गुल गेली. दार लागल्याबरोबर नाझिफेने पिशवी खाली काढली. परातीत आम्हाला ओतलं आणि एकेक निवडायला बसली. जाड, मऊ, न फाटलेले. मला तिने उजेडाकडे धरून बघितलं आणि बाजूला ठेवलं. माझी छाती फुगली, म्हणजे असती तर फुगली असती. आम्हा निवडलेल्यांची तिने पांढऱ्या रुमालात पुरचुंडी बांधली आणि खिडकीत ठेवली.

रोज सकाळी ती शाल घ्यायची, पुरचुंडी उचलायची, दारापर्यंत जायची. मग थबकायची. आज बर्फ फार आहे. आज तुर्गाय घरी आहे, त्याच्यासमोर नको. आज त्यांच्याकडे पाहुणे दिसतात. मी गेले तर ती म्हणेल, आली बघा लोळत. एकदा तर तिने अंगण ओलांडलं, पलीकडच्या फाटकाला हात लावला. आतून सातीच्या खोकल्याचा आवाज आला. नाझिफे तिथे बर्फात उभी राहिली. तिच्या मुठीत मी दबत होतो. मनात म्हणत होतो, ढकल. फाटक उघडंच आहे. तिने पायाने बर्फ सारखं केलं आणि परत फिरली.

"आधी तिनं एकदा हाक मारू दे," ती मला म्हणाली. मलाच म्हणाली असणार, घरात दुसरं कुणी नव्हतं.

मग एक दिवस फाटकाशी रुग्णवाहिका आली. नाझिफे खिडकीतून बघत होती. सातीला घोंगडीत गुंडाळून बाहेर आणलं. तिने मान वळवून या घराकडे बघितलं. नाझिफे पडद्यामागे सरली. ते चुकलं तिचं. सातीला रिकामी खिडकी दिसली, आणि खिडकीत आमची पुरचुंडी.

साती शहरातून परत आली ती पांढऱ्या कापडात.

बातमी कळली तेव्हा नाझिफे कोंबड्यांना दाणे टाकत होती. ती धावत आत आली, घरभर फिरली, काय हवंय ते तिला कळत नव्हतं. शेवटी खिडकीतली पुरचुंडी उचलून तिने झग्याच्या खिशात टाकली आणि डोक्याला रुमाल न बांधताच निघाली. असा मी त्या घरात पोचलो.

सातीच्या स्वयंपाकघरात मयताचा हलवा भाजायला घेतला होता. आमच्याकडे बायका आळीपाळीने परततात आणि परतताना गेलेल्याचं चांगलं आठवतात. नाझिफे आत आली तशा बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. बिर्गुलने उलथनं तिच्या हातात दिलं. हळूहळू बाकीच्या बाहेरच्या खोलीत गेल्या. दोघीच राहिल्या. मी खिशात होतो, मला तुपाचा वास येत होता.

नाझिफे रवा परतू लागली.

"मोठ्या आई," बिर्गुल म्हणाली, "मला शपथ घातली होती त्यांनी. पण आता ती पाळून कुणाचं भलं होणार?"

"काय ते बोल."

"ती ताडपत्री आमच्या मालावरची होती. आमचा उघडा टाकून त्या तुमच्याकडे धावल्या. मी ओरडले, आपला भिजतोय. तर म्हणाल्या, भिजू दे, तिचे नाही वाळायचे. घरात दुसरी ताडपत्रीच नव्हती त्या दिवशी, सगळ्या लांबच्या बागेत होत्या. शिडीवरून पडल्या त्या. गुडघा शेवटपर्यंत सुजलेला होता."

उलथनं थांबलं नाही. पण खिशावरून कशाने तरी मला घट्ट धरलं. नाझिफेचा दुसरा हात होता तो.

"मग ती बोलली का नाही? मी इतकं टाकून बोलले, चारचौघांत बोलले... ती ‘हो’ म्हणाली! मी माझ्या कानांनी ऐकलं, ती ‘हो’ म्हणाली!"

"मी विचारलं होतं त्यांना. म्हणाल्या, सगळं आयुष्य एका ताटात जेवलो. तिला माझ्याबद्दल असं वाटू शकतं, तर मी सांगू काय आणि कुणाला?"

नाझिफे तशीच परतत राहिली. रवा लाल झाला, मग तपकिरी झाला.

"मोठ्या आई, करपेल."

"आच कमी कर मग. बघत काय बसलीस?" ती खेकसली, आणि मग चुलीसमोर खालीच बसली. बिर्गुलने उलथनं काढून घेतलं.

त्या गर्दीत नाझिफेने पुरचुंडी दोनदा बाहेर काढली आणि दोनदा आत ठेवली. द्यायची कुणाला? दिवस मावळायच्या आत साती मातीत गेली. मी खिशातून परत घरी आलो.

आता पुन्हा जुलै आलाय. धाब्यावर नव्या फळांचा ढीग आहे. ढिगाच्या पलीकडे आता बिर्गुल बसते. तिची मुलगी सावलीत झोपलेली असते. बिर्गुलचा अंगठा अजून बसलेला नाही, ती फळ फाडते. नाझिफे तिला बोलते, मग स्वतःच तिचं बोट धरून दाखवते. पूर्वीपेक्षा ती कमी बोलते. गावात कुणी कुणाबद्दल ‘मुद्दाम केलं’ म्हणालं, की उठून जाते.

काल बिर्गुल नवा माल ठेवायला फडताळ झाडत होती. तिच्या हाताला पुरचुंडी लागली. गाठ सोडून तिने मला बोटाने ठोकून बघितलं.

"मोठ्या आई, हे मागच्या सालातले आहेत. दगड झालेत अगदी. कीड लागली तर नव्या मालात जाईल. टाकून देऊ?"

"नको. ठेव तिथेच."

"खायचे तरी मग. तुम्ही तर एकही खाल्लेला दिसत नाही."

नाझिफे परातीतले जर्दाळू सारखे करत होती. मान वर न करता ती म्हणाली, "ते माझे नाहीत गं. मी कशी खाऊ?"

बिर्गुलने गाठ पहिल्यासारखी बांधली आणि आम्हाला मागच्या कोपऱ्यात सरकवलं.

मला आता पाण्यात टाकलं तरी मी मऊ पडेन असं वाटत नाही. नाझिफेवर माझा राग नाही. रोज सकाळी तिने मला उचललं होतं, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक? पण मला वाळवलं होतं ते कुणीतरी खावं म्हणून. पुलावाबरोबर, नाहीतर येता-जाता, नाहीतर आजाऱ्याच्या जिभेला चव यावी म्हणून. जपून ठेवायला नव्हे. तुमच्या डब्यात माझे भाऊबंद असतील तर त्यांना भिजवा, शिजवा, पोरांच्या खिशात भरा. आणि त्यातले काही कुणासाठी बाजूला काढले असतील, तर ते माणूस चावू शकतंय तोवर नेऊन द्या. ते हाक मारेल म्हणून थांबू नका. कदाचित तेही तुमच्या हाकेसाठी थांबलेलं असेल.

फडताळाचं दार लावताहेत. बराय.